अलिबाग की मुरूड? एक बागलाणी निवाडा

समुद्राच्या बाबतीत सटाणेकरांनी तोंड उघडू नये, असे कोकणातल्या माणसाला वाटत असेल तर त्यात त्याची चूक नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे आरम नदी, आणि आरम नदी म्हणजे पावसाळा. पण हक्काचा प्रश्न निघालाच आहे तर जुने कागद उघडून पाहावेत. सगळी पृथ्वी दान करून बसलेल्या परशुरामाला स्वतः राहायला जागा उरली नाही, म्हणून त्याने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढले, ही कथा चिपळूणला जशी ठाऊक आहे तशी आम्हालाही आहे. फरक एवढाच, की तो बाण साल्हेरच्या डोंगरावरून सुटला हे आम्ही विसरत नाही. साल्हेर आमच्याच बागलाण तालुक्यात आहे. 1567 मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि शिखरावर परशुरामाच्या पादुका. तेव्हा कोकणच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बागलाणचे नाव लागायला हरकत नसावी. शिवाय जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत साल्हेर आहे. ज्या दोन किल्ल्यांमुळे सटाण्यात दर दिवाळीनंतर वाद होतो ते अलिबागचा कुलाबा आणि मुरूडचा जंजिरा मात्र त्या यादीत नाहीत. न्यायनिवाडा करायला बसलेल्या माणसाचे घर पक्षकारांपेक्षा मोठे असावे, एवढी अट आम्ही पुरी करतो.

वाद जुनाच आहे. सहल समुद्रावर न्यायची यावर एकमत असते. अलिबागला की मुरूडला यावर गाव दुभंगते. दोन्ही गावे रायगड जिल्ह्यात, एकाच किनाऱ्यावर, एकमेकांपासून साधारण 50 किलोमीटरवर. दोन्हीकडे वाळू, नारळ, सुपारी आणि समुद्रात उभा एक किल्ला. सटाण्याहून निघालेल्या गाडीला देवळा, चांदवड, नाशिक, कसारा, पनवेल आणि वडखळ एवढे सगळे ओलांडावे लागते. यातला पनवेलच्या पुढचा तुकडा तर मुंबई-गोवा महामार्गाचा आहे. त्याचे रुंदीकरण 2011 पासून चालले असून ते पाहणे हीही एक ऐतिहासिक सहलच आहे. इतके हाल सोसून जायचे तर निवड चुकता कामा नये, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. माझा कौल अलिबागला आहे. तो अलिबाग जास्त सुंदर आहे म्हणून नाही, आणि जास्त जवळ आहे म्हणून तर नाहीच. तशी जवळीक बघायची तर सुरत बघावी लागेल.

सुरतेचा निकाल आधी लावून टाकू, कारण भूगोल सरळसरळ तिच्या बाजूने साक्ष देतो. आरम गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. म्हणजे सटाण्यात पडलेला पाऊस स्वतःच्या मनाने समुद्र पाहायला निघाला तर सुरतेला जातो, अलिबागला नाही. इतिहासही तेच सांगतो. 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज परतले ते बागलाणातूनच. पण सुरतेहून लूट आणणे ही एक गोष्ट आणि सुरतेला सहल नेणे ही दुसरी. आजची सहल सुरतेला गेली तर समुद्र राहतो बाजूला, आणि साड्यांच्या दुकानात आपलीच लूट होऊन ती परतते. काही मंडळी हळूच दमणचे नाव सुचवतात. त्यांना तिथल्या पोर्तुगीज तटबंदीची ओढ आहे असे ते सांगतात. ती तटबंदी त्यांनी आजवर नीट पाहिलेली दिसत नाही, एवढे बोलून मी थांबतो.

आता मूळ दावा. जंजिऱ्याला नावेतून जावे लागते आणि कुलाब्याला, ओहोटी असेल तेव्हा, चालत जाता येते. माझा सगळा युक्तिवाद या एका वाक्यात आहे. अलिबागच्या किनाऱ्यापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर 1680 मध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने हा किल्ला बांधायला घेतला गेला, संभाजीराजांनी तो पुरा केला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी तो आरमाराचे ठाणे म्हणून गाजवला. दिवसातून दोनदा समुद्र त्याच्यासमोरून बाजूला होतो आणि ओल्या वाळूवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून, माणूस थेट दरवाजाशी पोचतो. ही सोय बागलाणातल्या माणसाइतकी दुसऱ्या कोणालाही अंगवळणी पडलेली नाही. नदीच्या पात्रातून कोरडे चालत जाणे हा आमचा आठ महिन्यांचा परिपाठ आहे. पुलाखालून वाहने, पात्रात क्रिकेट, आणि नदीचे नाव फक्त पाटीवर, ही दृश्ये पाहत मोठा झालेला माणूस नावेत बसला की गप्प होतो. तो घाबरलेला नसतो, फक्त पायाखाली जमीन नाही ही कल्पना त्याला पटलेली नसते. अशा माणसाला हवा तो समुद्र कोणता? वेळ पाहून बाजूला होणारा. पाणी हटलेला तळ पाहिला की त्याला घरी आल्यासारखे वाटते.

मुरूडकर पक्ष इथे उसळून उठतो, आणि त्याचे म्हणणे वजनदार आहे हे मान्य केले पाहिजे. जंजिरा अजिंक्य आहे. सिद्द्यांच्या हातून तो कोणालाही बळाने घेता आला नाही. महाराजांनी प्रयत्न केले, त्याच्यावर नजर ठेवायला समोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. संभाजीराजांनी तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रच दगडांनी बुजवायला घेतला, पण मोगल फौज स्वराज्यात शिरल्यामुळे ते काम अर्धवट टाकावे लागले. 22 एकरांचे बेट, 19 बुरूज, कलालबांगडीसारखी अजस्र तोफ, आणि अगदी जवळ जाईपर्यंत दिसणार नाही असा बेमालूम दरवाजा. सिद्द्यांचे संस्थान विलीन झाले ते थेट 1948 मध्ये. हे सगळे खरे आहे. पण याचा अर्थ काय निघतो तो पाहा. बाहेरच्या माणसाला आत येऊ द्यायचे नाही, या एकाच कामात हा किल्ला तरबेज आहे. राजापुरीच्या धक्क्यावर तिकीट काढून उन्हात रांगेत उभा राहिलेला पर्यटक हा जंजिऱ्याला वेढा घालणाऱ्यांच्या परंपरेतला ताजा माणूस आहे. त्याला आत घेतात हे खरे, पण नाववाल्याने सांगितलेल्या वेळात परत यायच्या बोलीवर, आणि साडेतीनशे वर्षांचा इतिहास वाटाड्याच्या तोंडून एका दमात ऐकण्याच्या अटीवर. महाराजांना जे जमले नाही ते आपल्याला तिकिटावर जमले, हा आनंद मला तरी पुरेसा वाटत नाही.

उलट कोणी म्हणेल की ज्याच्या दारात चालत जाता येते तो कसला किल्ला? सर्वांत चुकीचा आक्षेप हाच आहे. 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज, दोघे मिळून, कुलाब्यावर चालून आले. जहाजे होती, तोफा होत्या, पायदळ होते, आणि समुद्र तेव्हाही दिवसातून दोनदा बाजूला होत होता. तरी किल्ला मिळाला नाही. मोहीम फसल्यावर इंग्रज कमोडोर मॅथ्यूज इतका भडकला की त्याने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात हातातली छडी खुपसली, असे त्या वेळच्या वृत्तांतात नमूद आहे. दोन कुटुंबांची संयुक्त सहल ज्यांनी कधी आखली असेल त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पुढे आंग्र्यांच्या गादीला वारस उरला नाही तेव्हा 1840 च्या सुमारास इंग्रजांनी संस्थान खालसा केले, ते कागदावर. तेव्हा अजिंक्यपणाचा मक्ता एकट्या मुरूडकडे नाही. दार बंद ठेवून अजिंक्य राहणे आणि रोज दोनदा रस्ता मोकळा करून अजिंक्य राहणे, यांतले अवघड कोणते हे ज्याने त्याने ठरवावे.

मुरूडचा दुसरा हुकमाचा पत्ता म्हणजे गोडे पाणी. चहूकडे खारा समुद्र आणि किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याचे मोठे तलाव. टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे घालवलेल्या तालुक्याला हे दाखवले की अर्धी मते फिरतात. पण कुलाब्यातही गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. जंजिऱ्याच्या तलावांइतकी ऐसपैस नाही, पण आहे. आणि शेजारीच पेशवाईच्या काळात, 1759 मध्ये, राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आहे. म्हणजे पाणीही आहे आणि ते टिकावे म्हणून हात जोडायला जागाही आहे.

इथवर वाद जिंकला तरी खरी अडचण पुढेच आहे. ओहोटीला चालत जायचे, हे बोलायला सोपे. पण ओहोटी कोणाच्या सवडीने येते? ती रोज पाऊण-एक तास उशिरा येते, म्हणजे एस. टी.सारखीच, फक्त ती किती उशिरा येणार हे आधी सांगता येते. किनाऱ्यावरची जुनी माणसे यासाठी घड्याळ न वापरता पंचांग वापरतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. जो आकडा येईल ती भरतीची वेळ, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांवर ओहोटी. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तीनला भरती, तर सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. हे गणित सटाण्यातल्या कोणालाही तोंडी यावे, कारण बाजारातले खर्च वजा जाता हातात काय उरले याचा हिशोब तो लिलावाच्या ओट्यावर उभ्याउभ्या करत असतो. (प्रत्यक्ष पाण्यात उतरण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या माणसांना विचारावे, हे सांगायला हवे; पाऊणकीच्या पाढ्यावर विसंबून किल्ल्यात अडकलेल्या माणसाला पंचांगकर्ते सोडवायला येत नाहीत.)

गणित हाती आल्यावर तारीख ठरवायला बसावे आणि मग कळते, की निसर्ग, धर्म आणि बाजार समिती या तिघांनी आपसात कधी बैठक घेतलेली नाही. अमावास्या घेऊ. उधाणाचे दिवस, पाणी सर्वांत जास्त हटते, आणि आमच्याकडच्या बाजार समित्यांत अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी रीत. ती जिथे अजून पाळतात तिथला माणूसही मोकळा. पण पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती ऐन मध्यान्हीच्या आधी, आणि ओहोटी पहाटे पाचला किंवा संध्याकाळी साडेपाचला. पहाटे किल्ला उघडलेला नसतो, संध्याकाळी बंद व्हायला आलेला असतो. शिवाय अमावास्येला प्रवासाला निघायला घरातली वडीलधारी परवानगी देणार नाहीत ते वेगळेच. अष्टमी घ्यावी तर ओहोटी बरोबर बाराला, वेळ उत्तम; पण अष्टमी-नवमीला भांगाचे पाणी असते, ते ना धड चढते ना धड हटते, आणि मग घोडागाडीवाल्याला शरण जावे लागते. एकादशीला दुपारी सव्वादोनची ओहोटी येते. पण मार्गशीर्ष वद्य एकादशी म्हटली की सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा. ज्या मामलेदाराने दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटला, त्याची यात्रा सोडून सरकारी किल्ला पाहायला जाणे बरे दिसत नाही. इतर महिन्यांतली एकादशी घेतली तरी पेच सुटत नाही, कारण चतुर्थी आणि एकादशी या दोन्ही उत्तम ओहोटीच्या तिथ्या नेमक्या उपवासाच्या आहेत. सव्वातीनशे किलोमीटर जाऊन, पापलेट आणि सुरमई समोर तळली जात असताना, साबुदाण्याची खिचडी खाणारा माणूस किल्ल्याकडे भक्तिभावाने पाहील, पण मन लावून पाहणार नाही.

म्हणून माझा कौल तृतीयेला किंवा द्वादशीला आहे. तृतीयेला सकाळी सव्वाआठची ओहोटी, द्वादशीला दुपारी तीनची. उधाण जवळ असल्याने पाणीही बऱ्यापैकी हटलेले. मात्र त्या तिथीला सोमवार, गुरुवार किंवा शनिवार नको, कारण ताटाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मंगळवारी घरात एखादा तरी गणपतीचा भक्त निघतोच. रविवार नको, कारण त्या दिवशी अलिबागला समुद्र असतो पण तो मुंबईकरांच्या मागे असतो. राहिले बुधवार आणि शुक्रवार. त्यातून पावसाळा वजा, उन्हाळ कांद्याची काढणी वजा, द्राक्षाचा माल निघायचे दिवस वजा, शाळेच्या परीक्षा वजा, लग्नाच्या तिथी वजा. वर्षभरात उरणारे दिवस एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. मुरूडकर पक्ष यावर हसतो आणि म्हणतो, की बघा, आमच्या नावेला यातले काहीच लागत नाही. नसेल लागत. पण चांगला मुहूर्त मिळत नाही म्हणून कोणी लग्न करायचे सोडत नाही; उलट जो मिळाला त्याचे भाव वाढतात. पावसाळा सोडला तर नाव कधीही मिळते, म्हणून मुरूडला माणूस कधीही जाऊ शकतो, आणि जे कधीही करता येते ते आपण कधीच करत नाही. अलिबागची सहल तिथी ठरली की निघावीच लागते.

आता समजूतदार माणसांचा पक्ष. तो म्हणतो, की 50 किलोमीटरच तर आहे, दोन्ही पाहू. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते आणि सहलींचा सत्यानाश बहुधा याच शहाणपणाने होतो. सकाळी अलिबाग, दुपारी मुरूड असा बेत आखला की सकाळी मुरूडच्या नावेची घाई आणि दुपारी परतीच्या रस्त्याची काळजी. मधल्या वेळात दोन किल्ले गाडीच्या काचेतून गेलेले. शिवाय दोहोंच्या मधे चौल आणि रेवदंडा आहेत, त्यांच्यावर तर घोर अन्याय होतो. चौल हे प्राचीन बंदर. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात तिथेच उतरला, विकायला एक घोडा घेऊन. त्याच्या आधी आणि नंतर जगभरची माणसे तिथे आली. आज दोन्ही पाहणाऱ्यांच्या गाड्या तिथून जातात त्या आत सगळे झोपलेले असताना. खरे तर इतिहासाच्या वयाने निवड करायची तर चौलने दोघांनाही घरी बसवावे. पण तिथे समुद्रातला किल्ला नाही, आणि समुद्रात किल्ला नसेल तर सटाण्यातले मतदान होत नाही.

अलिबागविरुद्ध शेवटचा आरोप म्हणजे ते आता मुंबईच्या श्रीमंतांचे झाले. मांडव्याला बोटी लागतात, त्यांत मोटारीही बसवून आणतात. आरोप खरा आहे आणि त्यात एक गंमतही आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसूच्या बिथरतील अशी भीती वाटली, म्हणून 1904 मध्ये भूचुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली आणि तिच्या इमारतीत लोखंड येणार नाही याची काळजी घेतली गेली. मुंबईच्या गडबडीपासून लांब, शांत जागा म्हणून शास्त्रज्ञांनी जे गाव निवडले तिथेच आता मुंबई शुक्रवारी रात्री येऊन उतरते. पण म्हणूनच वर उरलेल्या दोन वारांत मी बुधवार आधी धरतो. राहता राहिली ती टिंगल: सहलीहून परतलेल्या माणसाला कोणी विचारले, 'अलिबागसे आया है क्या', तर काय करायचे? हा प्रश्न 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नये, अशा आशयाने न्यायालयाने याचिका फेटाळली. सटाणेकराला तर याची चिंताच नाही. निदान एकदा तरी त्याला छाती पुढे काढून 'हो' म्हणता येईल, आणि पुरावा म्हणून किल्ल्याचे तिकीट दाखवता येईल.

तिकिटाहून भक्कम पुरावा मात्र रस्त्याच्या कडेला टांगलेला असतो. अलिबागचा पांढरा कांदा. त्याला भौगोलिक मानांकन आहे, तसे ते आमच्याकडच्या लासलगावच्या कांद्यालाही आहे. पण साम्य तिथेच संपते. आमचा कांदा ट्रॅक्टरमधून येतो, क्विंटलवर पुकारला जातो, आणि भाव पडला की त्याच ट्रॅक्टरमधून रस्त्यावर ओतला जातो. अलिबागचा कांदा पातीसकट वेणीसारखा गुंफून, माळ करून, दुकानाच्या पुढे झुंबरासारखा लटकवलेला असतो, आणि गिऱ्हाईक त्याच्यासमोर उभे राहून माळेचा भाव विचारते, किलोचा नाही. कांद्याला गिऱ्हाइकाने वर मान करून पाहावे, हे दृश्य सटाणा आणि नामपूरच्या मार्केटात पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या माणसाने एकदा तरी पाहायलाच हवे. खरे तर शासनाने याला अभ्यासदौरा म्हणून मान्यता द्यावी आणि भत्ताही द्यावा. गाडीतला प्रत्येक जण तिथे उतरणार, माळ हातात घेऊन वजनाचा अंदाज बांधणार, मनातल्या मनात एकरी उत्पन्न काढणार, हळहळणार, आणि शेवटी दोन माळा विकत घेणार. मग परतीच्या वाटेवर, चांदवडपासून पुढे दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी लागल्या, की गाडीत आरशाला टांगलेल्या त्या माळा कोणीतरी हळूच काढून सीटखाली ठेवील. कारण सटाण्यात कांदा विकत आणला, हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचे?